शितावरून भाताची परीक्षा

गेल्या वैशाखात दुधनीस जाण्याचा योग आला. सिल्वाशाहून खानवेलमार्गे निघालेला रस्ता डोंगरांची वळणे घेत जेथे मधुबन धरणाच्या जलाशयापाशी येतो, तेथे हे गाव वसले आहे. दमणगंगेचे अडवलेले पाणी उन्हाळ्यात मागे हटले होते, काठाला होड्या बांधून ठेवल्या होत्या आणि उघड्या पडलेल्या सपाटीवर काही मुले अनवाणी फुटबॉल खेळत होती. गोमंतकीय वाचकास हा मुलूख परका वाटण्याचे कारण नाही. पोर्तुगीज सत्तेचे जोखड त्यानेही आमच्याप्रमाणेच वाहिले. २ ऑगस्ट १९५४ रोजी आझाद गोमंतक दल आणि इतर संघटनांच्या तरुणांनी सिल्वासा मुक्त केले, तेव्हा गोव्याच्या मुक्तीस अजून सात वर्षांहून अधिक अवकाश होता.

काठावरच्या चहाच्या टपरीवर सिल्वाशाच्या कारखान्यांत कामाला जाणारे दोन तरुण बसले होते. आम्ही गोव्याहून आलो आहोत असे कळताच त्यांतील एकाने थेट विचारले, “मग सांगा साहेब, तुमच्या गोव्याचा तो स्पेनचा मास्तर पास की नापास?” त्याचा रोख एफसी गोवा संघाचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांच्याकडे होता. आम्ही उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोच दुसरा उसळून म्हणाला, “पहिल्याच वर्षी तिसरा नंबर आणला, नापास कसा?” पहिल्याने तितक्याच तडफेने ऐकवले, “आणि शेवटच्या सहा मिनिटांत घालवलं ते?” दोघांचा वाद रंगला. शेजारी विडी ओढीत बसलेले एक वृद्ध वारली शेतकरी हे सारे ऐकत होते. फुटबॉलशी त्यांचा संबंध नव्हता. परंतु कोणी नवा माणूस ठेवला आहे आणि त्याच्या पहिल्या वर्षाचा निवाडा चालला आहे, एवढे त्यांच्या ध्यानी आले असावे. त्यांनी एवढेच विचारले, की पहिल्या पावसात बांध कुठे फुटला ते कोणी पाहिले का?

पुढे त्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा : नवा बांध पहिल्या पावसाळ्यात कोठे ना कोठे झिरपतोच. म्हणून शहाणा शेतकरी पहिल्या वर्षी भाताच्या कणग्या मोजून बांध घालणाऱ्याची पारख करीत नाही. भगदाड कोठे पडले ते तो पाहून ठेवतो, आणि पुढल्या उन्हाळ्यात ते बुजविले गेले की नाही, यावरून माणूस ओळखतो. आमच्या खाजन शेतीचे बांध आणि मानशी राखणाऱ्या गावकऱ्यांना हे शहाणपण नवे नाही. फुटबॉलच्या मैदानाकडे पाहताना मात्र आपण सारे ते विसरतो. म्हणून त्या टपरीवर अपुरा राहिलेला निवाडा येथे पुरा करावा, असे आम्हांस वाटले.

प्रथम ज्या सहा मिनिटांचा उल्लेख त्या तरुणाने केला, त्यांविषयी. २४ एप्रिल २०२४ ची रात्र. फातोर्ड्याच्या मैदानावर इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना मुंबई सिटी संघाशी चालला होता. बोरिस सिंगने सोळाव्या मिनिटाला आणि ब्रँडन फर्नांडिसने उत्तरार्धात गोल करून गोव्यास दोन गोलांची आघाडी मिळवून दिली होती. घड्याळाने नव्वदावे मिनिट दाखविले आणि त्याच मिनिटाला मुंबईच्या छांगटेने गोल केला. पाठोपाठ विक्रम प्रताप सिंगने बरोबरी साधली, आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला छांगटेनेच तिसरा गोल करून सामना हिरावून नेला. मुंबईतील परतीच्या सामन्यात गोवा ०-२ असा हरला आणि हंगाम संपला. दुसऱ्या दिवशी तिंट्यावर, बसथांब्यावर, कचेरीत एकच भाषा होती : माणूस चांगला, पण शेवटी कच खाल्ली. बावीस साखळी सामन्यांचे काम सहा मिनिटांच्या तराजूत तोलले गेले, आणि ते हलके ठरले.

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्याकडे म्हणतात, आणि त्यात खोटे काही नाही. सुगरणीला एक शीत पुरते. पण ती शीत कोठून उचलते, हे पाहण्यासारखे असते. ती कडेचे करपलेले शीत घेत नाही आणि वर तरंगणारेही घेत नाही. पळी खोल घालून मधले शीत काढते आणि मग बोटांनी दाबून पाहते. प्रशिक्षकाच्या पहिल्या हंगामाचा निवाडा करणारे आपण बहुधा कडेचे शीत उचलतो. ते कधी गोड लागते, कधी करपट. नव्याचे नऊ दिवस चालू असतात तोवर जयजयकार होतो, आणि दहाव्या दिवशी त्याच तोंडांनी हकालपट्टीची मागणी होते.

तेव्हा पहिला प्रश्न असा, की नवा माणूस आला त्या वेळी पातेल्यात होते काय? मार्केझ येण्यापूर्वीच्या २०२२-२३ च्या हंगामात गोवा संघ सातव्या क्रमांकावर राहिला होता. वीस सामन्यांत २७ गुण आणि अंगावर घेतलेले ३५ गोल, असा तो हिशेब होता. मार्केझ यांच्या पहिल्या हंगामात बावीस सामन्यांत ४५ गुण झाले, अंगावर आलेले गोल २१ वर आले आणि संघ तिसरा आला. पहिल्या बारा सामन्यांत एकही पराभव नव्हता. साऱ्या साखळीत पराभव झाले ते तीनच. चाळणीसारखी झालेली बचावफळी एका वर्षात भिंतीसारखी उभी राहिली, ही गोष्ट सहा मिनिटांनी पुसली जाण्यासारखी खचित नाही.

या गृहस्थांचे आधीचे पहिले वर्षही पाहण्यासारखे आहे. २०१९-२० मध्ये हैदराबादचा संघ अवघे दहा गुण मिळवून तळाला गेला होता. पुढल्या हंगामात मार्केझ यांनी तो हाती घेतला आणि पाचव्या क्रमांकावर आणला. अखेरच्या साखळी सामन्यात गोव्याशी गोलशून्य बरोबरी झाली आणि उपांत्य फेरी हुकली. निकालाच्या वहीत या वर्षापुढे ‘काही नाही’ असेच लिहावे लागेल. पण याच वर्षात दवर्लीचा लिस्टन कुलासो, जो आमच्याच क्लबात संधीची वाट पाहत राहिला होता, तो हैदराबादच्या मैदानावर फुलला. कोवळ्या हिंदी खेळाडूंवर विश्वास टाकण्याची रीत तेथे याच वर्षी रुजली. आणि पुढल्याच वर्षी, २० मार्च २०२२ रोजी, तो संघ फातोर्ड्यावर केरळला पेनल्ट्यांवर हरवून विजेता झाला. ज्याने पाचव्या क्रमांकावरून त्यांना नापास ठरविले असते, त्याला वर्षभरात आपले शब्द गिळावे लागले असते.

याच्या अगदी उलट उदाहरण आमच्याच घरातले आहे. २०१४ साली इंडियन सुपर लीगचा आरंभ झाला, तेव्हा ब्राझीलचे थोर खेळाडू झिको गोव्याचे प्रशिक्षक म्हणून आले. सुरुवात अडखळती झाली, पण पुढे संघ सावरला आणि साखळीत दुसरा आला. उपांत्य फेरीत कोलकात्याविरुद्ध दोन्ही सामने गोलशून्य राहिले आणि पेनल्ट्यांवर पराभव झाला. झिको यांच्या हाती तेव्हा धेंपो क्लबात एकत्र खेळून तयार झालेले खेळाडू होते. एकमेकांच्या पायांची सवय असलेला असा संच दुसऱ्या कोणापाशी क्वचितच असेल. दुसऱ्या वर्षी संघ गुणतक्त्यात पहिला आला आणि अंतिम सामन्यात पोचला. तिसऱ्या वर्षी, २०१६ मध्ये, तोच क्लब, तेच प्रशिक्षक, आणि आठ संघांत आठवा क्रमांक. पहिल्या वर्षीच्या भाताला वास होता तो बराचसा आधीच्या मशागतीचा होता, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही. यात झिको यांचे मोठेपण उणे करण्याचा आमचा हेतू नाही. रोमियो फर्नांडिससारखा गोव्याचा मुलगा त्यांच्यामुळे २०१५ मध्ये ब्राझीलच्या क्लबापर्यंत पोचला, हे आम्ही विसरलेलो नाही. पण पहिले वर्ष जसे कमी लेखू नये, तसे ते डोक्यावरही घेऊ नये, एवढाच याचा बोध.

दुसरा प्रश्न दुधनीच्या त्या वृद्धाचा : बांध कोठे फुटला, आणि फुटलेले बुजविले का? या कसोटीला उत्तम उतरले ते सर्जिओ लोबेरा. २०१७ मध्ये ते आले तेव्हा त्यांच्या हाती तळाला गेलेला संघ होता. पहिल्या हंगामात त्यांनी तो तिसऱ्या क्रमांकावर आणला. अठरा सामन्यांत ४२ गोल, म्हणजे साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक. एकट्या कोरोमिनासचे त्यांत १८ होते. चेंडू जमिनीवरून, लहान लहान पासांनी, आपल्या गोलरक्षकापासून पुढे न्यायचा, ही शैली गोव्याच्या प्रेक्षकांना इतकी आवडली की पराभवानंतरही लोक समाधानाने घरी जात. पण अंगावर आलेले गोल होते २८. उपांत्य फेरीत चेन्नईने नेमके तेथेच बोट ठेवले. फातोर्ड्यावर १-१ आणि चेन्नईत ०-३. भगदाड सर्वांना दिसत होते. प्रश्न एवढाच होता, की लोबेरा यांना ते दिसते का, आणि आपल्या शैलीच्या अभिमानापोटी ते दुरुस्तीस नकार तर देणार नाहीत ना?

त्यांनी नकार दिला नाही. दुसऱ्या वर्षी तितक्याच सामन्यांत अंगावर आलेले गोल २० वर आले, आणि शैली मात्र तीच राहिली. आमच्या मंदार राव देसाईसारख्या डाव्या बगलेने धावणाऱ्या आक्रमकास मागे आणून त्यांनी त्याचा पक्का बचावपटू घडविला. संघ अंतिम सामन्यात पोचला, तेथे बंगळूरकडून अधिक वेळेत हरला, पण २०१९ च्या एप्रिलात सुपर चषक गोव्यास आला. तिसऱ्या वर्षी साखळीतील प्रथम क्रमांकाची ढाल मिळाली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान लाभला. २०१७-१८ च्या हंगामाचे खरे मोल २०१९-२० मध्ये कळले. पहिल्या वर्षाची शिक्षा म्हणून त्यांना तेव्हाच घरी पाठविले असते, तर हे काहीच झाले नसते.

आता हाच प्रश्न मार्केझ यांच्या पहिल्या वर्षास लावून पाहू. २४ एप्रिलच्या त्या रात्रीचे लोकांना नवल वाटले, पण बांध त्याआधीच झिरपू लागला होता. साखळीतील तिन्ही पराभव फेब्रुवारी २०२४ मध्ये ओळीने आले, आणि त्यांतील तिसरा कोचीत केरळविरुद्ध. तेथे मध्यंतरापर्यंत गोवा २-० असा पुढे होता आणि सामना २-४ असा हरला. म्हणजे दोन गोलांची आघाडी हातात धरून ठेवता न येणे, हे दुखणे दोन महिने आधीच उघड झाले होते. त्यावर उपाय पुरता झाला नाही आणि एप्रिलात त्याच जागी बांध फुटला. आमच्या मते पहिल्या हंगामावर ठेवण्याजोगा खरा ठपका हाच आहे. सहा मिनिटांत तीन गोल झाले हा दैवदुर्विलास म्हणून सोडून देता येईल. फेब्रुवारीत मिळालेली सूचना मात्र दैवाच्या खात्यावर टाकता येत नाही.

पुढल्या उन्हाळ्यात भगदाड बुजले का? याचे उत्तर सरळ नाही. २०२४-२५ मध्ये संघ चोवीस सामन्यांत ४८ गुण मिळवून दुसरा आला. उपांत्य फेरीत बंगळूरला ०-२ हरल्यावर फातोर्ड्यावर दोन गोल करून गोव्याने बरोबरी साधली, आणि भरपाई वेळेच्या दुसऱ्या मिनिटाला सुनील छेत्रीच्या डोक्याने पुन्हा घात केला. पुन्हा तेच मैदान आणि तीच अखेरची मिनिटे. मात्र महिनाभराच्या आत, ३ मे २०२५ रोजी, भुवनेश्वरला जमशेदपूरचा ३-० असा निर्विवाद पराभव करून याच संघाने सुपर चषक दुसऱ्यांदा जिंकला. त्या दिवशी दोन गोलांची आघाडी हातची गेली नाही, तिच्यात तिसऱ्या गोलाची भर पडली.

येथे आणखी एक गोष्ट नमूद करणे आम्हांस अगत्याचे वाटते. २० डिसेंबर २०१५ रोजी याच फातोर्ड्यावर झिको यांचा संघ अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला २-१ असा पुढे होता आणि २-३ असा हरला. तेव्हा मार्केझ गोव्यात नव्हते. त्या संघातील एखादाच खेळाडू पुढे उरला असेल. जे दुखणे प्रशिक्षक बदलले तरी, खेळाडू बदलले तरी दहा वर्षे पुन्हा पुन्हा डोके वर काढते, ते एकट्या प्रशिक्षकाचे म्हणावे काय? बांध घालणाऱ्याला दोष देण्यापूर्वी खालची जमीन भुसभुशीत तर नाही ना, हेही पाहावे लागते. विजय जवळ आला की मैदानावरचे अकरा जण आणि सभोवतालचे हजारो एकाच वेळी श्वास रोखून धरतात. ही भीती बाहेरून आलेल्या माणसाने आणलेली नाही. ती आपली आहे.

आणि जमिनीचा प्रश्न निघालाच आहे, तर मार्केझ यांचेच आणखी एक पहिले वर्ष डोळ्यांपुढे आणावे. जुलै २०२४ मध्ये गोव्याची जबाबदारी सांभाळून त्यांनी राष्ट्रीय संघाचेही प्रशिक्षकपद स्वीकारले. माणूस तोच, अभ्यास तोच. क्लबाने दुसरा क्रमांक आणि चषक मिळविला. राष्ट्रीय संघाने त्यांच्या हाताखाली आठ सामन्यांत एकच विजय मिळविला, आणि वर्षभरात त्यांनी ते पद सोडले. क्लबात रोज सकाळी खेळाडू हाताशी असतात. राष्ट्रीय संघात ते चार दिवसांसाठी येतात आणि जातात. प्रशिक्षकाची गुणवत्ता ही सोन्याप्रमाणे कोठेही तितक्याच तोळ्यांची भरेल, ही समजूत यावरून सोडून द्यावी.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड : माणूस गेल्यावर मागे काय उरते? हुआन फेर्रांदो यांचे पहिले वर्ष या दृष्टीने विचार करायला लावणारे आहे. २०२०-२१ चा तो महामारीचा हंगाम. प्रेक्षकांविना फातोर्डा, बांबोळी आणि वास्को येथे सारी लीग खेळली गेली. वीस सामन्यांत केवळ तीन पराभव, चौथा क्रमांक आणि उपांत्य फेरीत मुंबईकडून पेनल्ट्यांवर हार. त्यानंतर एप्रिलात आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये अल रय्यान आणि अल वहदा या धनाढ्य संघांना गोव्याने गोलशून्य बरोबरीत रोखले. त्या स्पर्धेच्या गटसाखळीत भारतीय क्लबाला गुण मिळाला तो हा पहिलाच. ऑक्टोबरात ड्युरँड चषकही आला. पहिल्या वर्षाचे प्रगतिपुस्तक असे असावे की पालकांनी शेजाऱ्यांना दाखवावे. आणि डिसेंबर २०२१ मध्ये, दुसरा हंगाम अर्ध्यावर असताना, फेर्रांदो कोलकात्यास निघून गेले. तो हंगाम गोव्याने नवव्या क्रमांकावर संपविला. अधिक चांगली संधी स्वीकारण्याचा त्यांचा हक्क आम्ही नाकारीत नाही. पण जे घर एक खांब काढताच खाली येते, ते बांधले गेले होते की नुसते टेकविले होते, हा प्रश्न मालकांनी स्वतःस विचारावयास हवा होता.

मालकांचे नाव निघाले, तेव्हा निवाडा करणाऱ्यांचाही थोडा निवाडा होऊ द्या. ३१ जानेवारी २०२० रोजी लोबेरा यांना गोव्याने निरोप दिला, तेव्हा संघ गुणतक्त्यात अग्रस्थानी होता. पुढल्याच हंगामात ते मुंबईस गेले आणि तेथील पहिल्याच वर्षी साखळीची ढाल व विजेतेपद दोन्ही पटकावून बसले. त्या मार्गात उपांत्य फेरीत त्यांनी हरविले ते गोव्यासच. कार्लोस पेन्या हे याच क्लबाचे जुने खेळाडू. त्यांना २०२२-२३ चा एकच हंगाम मिळाला. सातवा क्रमांक आला आणि ते गेले. त्यांना दुसरा उन्हाळा मिळाला असता तर काय झाले असते, हे आता कोणासही सांगता येणार नाही. इंग्लंडमध्ये अॅलेक्स फर्ग्युसन १९८६ च्या नोव्हेंबरात मँचेस्टर युनायटेडला आले. पहिला हंगाम अकराव्या क्रमांकावर संपला आणि पहिला चषक मिळण्यास १९९० उजाडावे लागले. पुढे ते एकूण सव्वीस वर्षे राहिले. आणि त्याच देशात क्लॉदिओ रानिएरी यांनी लेस्टरला पहिल्याच हंगामात, २०१६ साली, अजिंक्यपद मिळवून दिले, तेव्हा नऊ महिन्यांनी त्यांना घरचा रस्ता दाखविण्यात आला. धीर धरणारे आणि न धरणारे दोन्ही तेथेही आहेत.

आमच्याकडे धीराचे उदाहरण शोधायला परदेशी जाण्याची आवश्यकता नाही. आर्मांदो कुलासो यांच्या हाती धेंपो क्लब दहा वर्षांहून अधिक काळ राहिला आणि त्या काळात पाच राष्ट्रीय अजिंक्यपदे पणजीस आली : २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. यांतील पहिले येण्यास त्यांना काही वर्षे वाट पाहावी लागली, आणि तेवढी वाट क्लबाने पाहिली. तो क्लब गावाचा होता, ती माणसे एकमेकांना ओळखत होती, आणि चवथीच्या दर्शनाला एकमेकांच्या घरी जाणाऱ्या माणसांत एका पराभवावरून माणूस तोडण्याची रीत नव्हती.

त्या जुन्या व्यवस्थेची आज आठवण काढताना मन जड होते. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो यांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. त्यांनी रिकाम्या केलेल्या पाटावर कोण बसले, हे वाचकांस स्मरत असेल. मिझोरमचा ऐझॉल क्लब त्या वर्षी खाली ढकलला गेला होता. गोव्याचे क्लब गेल्यामुळे त्यास परत बोलावण्यात आले. त्याने प्रशिक्षक म्हणून खालिद जमील यांस घेतले, आणि ३० एप्रिल २०१७ रोजी तो क्लब साऱ्या देशाचा अजिंक्य ठरला. पहिलाच हंगाम, आणि अजिंक्यपद! लोकांनी चमत्कार म्हटले. चमत्कार मुळीच नव्हता. जमील यांनी त्यापूर्वी सात वर्षे मुंबईत, मुंबई एफसी या मोजक्या पैशांच्या संघाला दर वर्षी पाण्यावर तरंगत ठेवण्याचे काम केले होते. चषकाविना गेलेल्या त्या सात वर्षांचे पीक ऐझॉलच्या खळ्यावर निघाले. क्लबातील पहिले वर्ष हे माणसाच्या आयुष्यातील पहिले वर्ष नसते, हे ध्यानात ठेवले तर पुष्कळसे चमत्कार आणि पुष्कळशा निराशा आपोआप समजतात. २०२५ च्या ऑगस्टात राष्ट्रीय संघ याच जमील यांच्या स्वाधीन झाला.

पण असे पहिले वर्ष आपल्या माणसांना मिळते कोठे? लोबेरा गेल्यावर उरलेले साखळी सामने आमच्या क्लिफर्ड मिरांडा यांनी सांभाळले. १९ फेब्रुवारी २०२० रोजी जमशेदपूरवर ५-० असा विजय मिळवून ढाल घरी आणली ती त्यांच्या देखरेखीखाली. त्यांच्या नावापुढे तेव्हा ‘हंगामी’ हा शब्द होता. २०२३ मध्ये ओडिशाला त्यांनी सुपर चषक मिळवून दिला, तेव्हाही तोच शब्द होता. परदेशी प्रशिक्षकांस आमचा विरोध नाही. झिको, लोबेरा, मार्केझ यांच्यापासून गोवा पुष्कळ शिकला, आणि शिकण्यास लाज कसली? परंतु ज्या भूमीने इतके खेळाडू दिले, तिच्या सुपुत्रांना घर जळताना बादली घेऊन धावण्यापुरतेच बोलवावे, आणि आग विझली की अंगणात उभे करावे, हे न्यायाचे नाही. त्यांची परीक्षा कठोरपणे घ्यावी, पण आधी परीक्षेला बसू तरी द्यावे.

२०२५ मध्ये लीगचा हंगाम वेळेवर सुरूही होऊ शकला नाही, आणि कित्येक खेळाडू व प्रशिक्षक उद्याच्या चिंतेत पडले. अशा काळात तर निवाड्याची घाई अधिकच अनाठायी ठरते. जेथे पुढचा पावसाळा येणार की नाही याचीच खात्री नाही, तेथे कोणता शहाणा माणूस दोन वर्षांनी उभा राहील असा बांध घालीत बसेल? तो पहिल्याच वर्षी हाती लागेल ते पीक काढील आणि पुढच्या गावास जाईल. घाईचा निवाडा घाईची शेती शिकवितो. त्याचे नुकसान प्रशिक्षकाला सोसावे लागत नाही, त्याला दुसरा क्लब मिळतो. नुकसान होते ते त्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचे, ज्याला मैदानावर उतरविण्याचा धोका मग कोणी पत्करीत नाही.

तेव्हा दुधनीच्या त्या तरुणास आमचे उत्तर हे. मानोलो मार्केझ यांचे गोव्यातील पहिले वर्ष उत्तीर्ण होय, आणि चांगल्या गुणांनी. सातव्यावरून तिसरा क्रमांक आणि पस्तिसावरून एकवीस गोल, ही कामगिरी नशिबाने होत नाही. एका विषयात मात्र ते कच्चे राहिले, आणि दुसऱ्या वर्षीही त्या विषयात पुरते पक्के झाले नाहीत. त्या विषयाचा धडा क्लबालाही गिरवायचा आहे आणि आम्हां प्रेक्षकांनाही. पुढे जो कोणी नवा येईल, परदेशातून येवो की म्हापशाहून, त्याच्या पहिल्या वर्षी आम्ही तीनच गोष्टी विचारू : त्याला काय मिळाले, त्याचा बांध कोठे झिरपला व त्याने तो ओळखला का, आणि तो उद्या गेला तर मागे काय उरेल. चषकाची चौकशी त्यानंतर करू. आमच्या वृत्तपत्रसृष्टीनेही, ज्यांत आम्ही स्वतःस वगळीत नाही, सामन्याच्या रात्रीच दौत उघडून जन्मठेप किंवा राज्याभिषेक लिहिण्याची सवय सोडावी.

त्या संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा मुलांचा खेळ अजून चालू होता. पाण्याकाठची ती सपाटी महिन्या-दीड महिन्यात जलाशयाखाली जाणार, हे त्यांना ठाऊक होते. वरच्या अंगाला तो वृद्ध आपल्या खाचराच्या बांधावर बसून गेल्या पावसाळ्यात झिरपलेल्या जागी माती लावीत होता. हाताने थापटून, पुन्हा पाहून, पुन्हा लावीत. मृगाला अजून अवकाश होता.